पहिले चप्पल तर उतार

आमच्या आत्याचं मराठी ऐकायचं असेल तर ग्वाल्हेरला जायला पाहिजे. नाशिकला आली की ती सांभाळून बोलते. लश्करमधल्या तिच्या घरी मात्र सगळा मोकळा कारभार. "चहा पिऊन निकल", "गॅस मंदा कर", "जास्त दिमाग नको लावू". लग्न होऊन पंचेचाळीस वर्षं झाली, आता तिला यात काही हिंदी आहे हेही जाणवत नाही. आणि का जाणवावं? दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमाराला इथं छावणी टाकली, तिचंच पुढं लश्कर झालं. म्हणजे दोनशे वर्षं इथलं मराठी असंच हिंदीशी संसार करतंय.

मार्चअखेर काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाला गेले होते. कार्यक्रम शनिवारी झाला, सोमवारी माझी गाडी. मधला रविवार मोकळा. आतेभाऊ, म्हणजे दादा, म्हणाला, किल्ला दाखवतो. आत्याची नात, म्हणजे माझी भाची, तीही बरोबर. मी मानमंदिर, गुजरी महाल वगैरे डोक्यात धरून बसले होते. पण आत्या म्हणाली, "मी पण येते," आणि ती आली म्हटल्यावर सहलीची यात्रा झाली. मानमंदिर महाल आम्ही बाहेरून, गाडीच्या काचेतून पाहिला. निळ्या फरशीवरची पिवळी बदकं छान आहेत. झालं.

गाडीनं किल्ल्यावर जायचं तर उर्वाई दरवाज्यानं. चढ सुरू झाला की दोन्ही बाजूंच्या कड्यांतून तीर्थंकर उभे राहतात. उभे राहतात म्हणजे खरंच उभे. सगळ्यात मोठी मूर्ती आदिनाथांची, साधारण ५७ फूट. पंधराव्या शतकात तोमर राजा डुंगरसिंह आणि त्याचा मुलगा कीर्तिसिंह यांच्या काळात हे काम झालं. चढावर गाडी थांबवायला जागा नाही, तरी दादानं कडेला चेपून लावली. मी उतरून मान वर केली, तर चेहरा नीट दिसेना. गुडघ्याशी उभं राहून माणूस फक्त गुडघाच बघू शकतो. पलीकडच्या कठड्याशी गेले तेव्हा कुठं हनुवटी दिसली.

१५२८ मध्ये बाबर ग्वाल्हेर बघायला आला होता. या मूर्ती पाहून त्या मोडायचा हुकूम आपण दिला, हे त्यानं आपल्या आठवणींत स्वतःच लिहून ठेवलंय. अख्खा डोंगर कोण मोडणार? चेहरे फोडले गेले, देह राहिले. पुढं जैन समाजानं काही चेहरे चुन्यानं नीट करून घेतले. ते लक्ष देऊन पाहिलं की कळतं: मानेपर्यंत दगड एका जातीचा, वर रंग थोडा वेगळा. मी फोटो काढत होते, तोवर एक जैन कुटुंब आलं. आजोबांनी रस्त्याच्या कडेलाच बूट काढले, मोजे काढले, मोज्यांची घडी बुटात घातली आणि डांबरावर अनवाणी उभं राहून हात जोडले. मागं वळून बघते तर आत्यासुद्धा गाडीतून उतरलेली, आणि तिच्या चपला गाडीतच.

"आत्या, हा रस्ता आहे."

"मग? मूर्ती तर समोर आहे ना?"

तेव्हा मी हसले. दिवसभर हेच चालणार आहे याची कल्पना नव्हती.

वर गेल्यावर पहिल्यांदा तेली का मंदिर. नावाबद्दल एकमत नाही. कुणी तेलंगणाशी जोडतं, कुणी म्हणतं तेल्यांनी पैसा दिला. इतकं मात्र खरं की उत्तर हिंदुस्थानात असं देऊळ सहसा दिसत नाही. शिखराऐवजी वर लांबट, पाठीसारखं गोल छप्पर आहे, दक्षिणेतल्या गोपुराच्या माथ्यासारखं. बांधकाम आठव्या-नवव्या शतकातलं. दारावर गरुड आहे, म्हणजे मूळचं विष्णूचं. एकोणिसाव्या शतकात बरीच पडझड झाली होती, ती १८८१ ते १८८३ मध्ये मेजर कीथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं सावरली. आता आत देव नाही. वटवाघळांचा वास आहे.

हिरवळीतून पुढं गेल्यावर देवळाच्या जोत्याच्या पायऱ्या लागतात. मी दोन चढले आणि मागून आवाज आला, "अगं, पहिले चप्पल तर उतार!"

मी म्हटलं, इथं पूजा होत नाही, पुरातत्त्व खात्याची वास्तू आहे, सगळे बूट घालूनच हिंडतायत. आत्यानं ऐकून घेतलं. मग खाली बसून आपल्या चपलांचे बंद सोडले, त्या भिंतीशी जोडीनं ठेवल्या आणि चढायला लागली. साडेदहा वाजून गेले होते. ग्वाल्हेरचा मार्च म्हणजे आपला मे. दगड तव्यासारखा तापलेला. आत्याचं वय सत्तर, एका गुडघ्याला पट्टा. देवळाची सावली पायऱ्यांवर तिरकी पडली होती, त्या सावलीच्या पट्टीतून ती पाऊल टाकत गेली, आणि पट्टी संपली तिथं चार पावलं चक्क पळाली. सत्तर वर्षांची बाई लंगडीपाणी खेळल्यासारखी! आत जाऊन रिकाम्या गाभाऱ्यासमोर तिनं हात जोडले. मी चप्पल घालूनच तिच्या शेजारी उभी होते, आणि खरं सांगते, मला कोंबडी चोरल्यासारखं वाटत होतं.

"कुणाला नमस्कार केलास?" मी विचारलं.

"जो होता त्याला." आणि लगेच, "पाय भाजले गं. चल लवकर."

तिथून गुरुद्वारा दोन मिनिटांवर. दाता बंदी छोड. शिखांचे सहावे गुरू हरगोबिंद यांना जहांगीरनं या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. सुटकेची वेळ आली तेव्हा गुरू म्हणाले, इथं अडकलेल्या राजांना सोडल्याशिवाय मी जाणार नाही. हुकूम आला की गुरूंच्या वस्त्राला धरून जेवढे बाहेर पडतील तेवढे सुटतील. तेव्हा गुरूंनी बावन्न कळ्यांचा अंगरखा शिवून घेतला आणि एकेक कळी धरून बावन्न राजे बाहेर पडले. शीख परंपरा ही कथा अशी सांगते, आणि दिवाळीच्या दिवसांत बंदी छोड दिवस पाळला जातो. दगडी किल्ल्याच्या मधोमध ही पांढरी इमारत इतकी थंड आणि स्वच्छ आहे की डोळे निवतात.

इथं चपलांचा प्रश्नच नव्हता. जोडाघरात एक पगडीवाले गृहस्थ बसले होते, कपड्यांवरून चांगले सुखवस्तू. मी वाकून चप्पल सरकवायला लागले तर त्यांनी दोन्ही हातांनी ती घेतली. दोन्ही हातांनी, प्रसाद घेतात तशी. माझी ती धुळीनं भरलेली, अंगठा झिजलेली चप्पल! मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की बिल्ला घ्यायचंच विसरले. त्यांनी हाक मारून दिला. पाय धुवायच्या उथळ पाण्यातून पुढं गेलो. भाचीनं आणि मी केशरी रुमाल डोक्याला बांधले. आत्यानं नुसता पदर घेतला. तिच्या डोक्यावरचा पदर मी आजीच्या श्राद्धानंतर आजच पाहिला.

लंगरमध्ये पंगत बसली. आत्याला एकादशी होती. मी तिच्याकडं बघत होते, आता काय करते. तिनं पुढं येणारी पोळी दोन्ही तळहात पसरून घेतली. पोळी हातावर पडते, ताटात नाही. एका हातानं मागितली तर वाढणारा थांबून राहतो. डाळ, भाजी, खीर. आत्यानं सगळं संपवलं.

"एकादशी?"

"प्रसादाला कसली एकादशी? घरी जाऊन साबुदाणा खाईन." उपवास मोडला की वाढला, हे मला अजून कळलेलं नाही. जेवण झाल्यावर ती भांडी घासायला निघाली होती, दादानं गुडघ्याची आठवण करून दिली. मग तिनं भाचीला पाठवलं.

सास-बहूच्या देवळांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तोवर माझं डोकं उन्हानं भणभणलं होतं. देवळं दोन, एक मोठं, एक लहान. मोठं १०९३ मध्ये कच्छपघात राजा महीपालाच्या वेळी पुरं झालं, तसा शिलालेख तिथंच आहे. नाव खरं सहस्रबाहू, म्हणजे विष्णू; लोकांच्या तोंडी त्याची सासू-सून झाली. आतलं छत मान दुखेपर्यंत बघत राहावं असं कोरलंय. आत्या म्हणाली, "सासूचं मोठं, सुनेचं लहान. ज्यानं नाव ठेवलं तो लश्करचाच असणार." वहिनी बरोबर नव्हती म्हणून बरं. इथंही आत्यानं चप्पल काढली. मीही काढली. वाद घालायला ताकद नव्हती.

मग आमची फाटाफूट झाली. दादा आणि आत्या गाडीनं उतरले. मी आणि भाची पायी, ग्वाल्हेर दरवाज्याच्या बाजूनं. मला शून्य बघायचं होतं.

या उतारावर चतुर्भुज मंदिर आहे. एकाच खडकातून कोरलेलं, इतकं लहान की बोलत उतरलात तर मागं राहून जाईल. प्रतिहार राजा मिहिरभोजाच्या काळात किल्ल्याच्या अल्ल नावाच्या कोटपालानं, म्हणजे किल्लेदारानं, ते केलं. आत विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे ८७६ सालचा शिलालेख आहे, आणि त्यात शून्य आहे. सगळ्यात जुनं नव्हे. कंबोडियात ६८३ सालच्या लेखातलं शून्य याहून जुनं आहे. पण हे आपल्याला वाचता येतं, ही त्याची गंमत. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, माळ्यांनी रोज ५० हार द्यायचे, असा तो व्यवहार. गणिताच्या इतिहासात अजरामर झालेला हा आकडा हारवाल्याच्या हिशेबातला आहे! आमच्या घराजवळचा फुलवाला वहीत लिहितो ना, तसाच.

जाळीच्या दाराशी चौकीदार बसला होता. त्यानं दार उघडलं. मी पायात उतारासाठी म्हणून चपलांऐवजी भाचीचे बूट घातले होते, नाडीचे, दुहेरी गाठ मारलेले. वाकून गाठ सोडायला लागले.

"अरे मैडम, पहन के आ जाइए, कोई दिक्कत नहीं."

भाची माझ्याकडं बघून फिस्सकन हसली. "आजी तर इथं नाहीये," ती म्हणाली. गाठ सुटेना. एका पायावर उभी राहून, भिंतीला हात लावून मी ते बूट ओढून काढले आणि आत गेले. फरशी गार होती. चौकीदारानं मोबाइलचा उजेड भिंतीवर तिरका धरला, कारण समोरून धरला तर अक्षरं सपाट होतात. मग ओळींमधून हळूहळू २ दिसला, ७ दिसला, आणि त्यांच्या पुढं एक बारकंसं वर्तुळ. बाकीच्या आकड्यांपेक्षा लहान. मी बोट त्याच्या जवळ नेलं, लावलं नाही.

खाली दादा गाडी घेऊन उभा होता. शहरातल्या हजिरा भागात गेलो. तिथं शत्तारी पंथाचे सूफी मुहम्मद गौस यांची कबर आहे, मोठी, चौकोनी, चारी बाजूंनी दगडी जाळ्यांची. जाळीतून येणारं ऊन जमिनीवर रांगोळीसारखं पडतं, आणि आपण चाललो की पायांवरून सरकतं. बाजूला उघड्यावर तानसेनाची लहानशी कबर. शेजारी चिंचेचं झाड. त्याची पानं खाल्ली की गळा गोड होतो म्हणतात. मी दोन पानं चावली. आंबट लागली. भाचीनं चार चावली, कारण तिची पुढच्या महिन्यात गाण्याची परीक्षा आहे.

डिसेंबरात इथंच तानसेन समारोह असतो. आत्या दरवर्षी जाते, पण गाण्याला नाही, सकाळी. "रात्रीचं गाणं मला पेलत नाही. सकाळी हरिकथा असते, ढोलीबुवा कीर्तनकारांची. मग मिलाद, पैगंबरांच्या स्तुतीचा. ते ऐकून परत येते." कबरीशी आधी हरिकथा, मग मिलाद, आणि त्यानंतर गाणं, असा क्रम आहे. मला हे ऐकून फार नवल वाटलं. आत्याला माझ्या नवलाचं नवल वाटलं. "महादजी शिंद्यांचे गुरू कोण होते? मन्सूरशाह. बीडचे! तुमच्या तिकडचेच," ती म्हणाली, जणू मी त्यांना ओळखायलाच हवं होतं.

घरी निघेस्तोवर दिवेलागण झाली. लश्करात शिरल्यावर गर्दी वाढली आणि गाडी अचलेश्वरापाशी अडकली. हे महादेवाचं देऊळ ऐन रस्त्यात आहे. रस्ता सरळ करायचा म्हणून शिंद्यांनी पिंड हलवायला हत्ती लावले, साखळ्या ओढल्या, पिंड जागची हलली नाही, म्हणून नाव अचलेश्वर. रस्त्यानंच वळण घेतलं. हत्तींचं मी सांगू शकत नाही, पण वळण आहे. स्कूटरवाले ब्रेक न दाबता छातीला हात लावून पुढं जात होते. एकानं हेल्मेटवरूनच कपाळाला बोट लावलं. दादानं हॉर्न वाजवला आणि त्याच हातानं नमस्कार केला.

मी पुढच्या सीटवरून मागं वळून पाहिलं. आत्या दिवसभराच्या दमणुकीनं डोळे मिटून, मान टाकून बसली होती. झोपली वाटलं. गाडी देवळासमोर आली तशी तिनं डोळे न उघडताच दोन्ही पाय चपलांतून बाहेर काढले आणि जमिनीपासून चार बोटं वर धरले. देऊळ मागं पडेपर्यंत तसेच धरून ठेवले. मग पायानं चाचपडून चपला शोधायला लागली. एक सापडली, दुसरी माझ्या सीटखाली गेली होती.