चिमणीची अंगठी

श्रावणातले दोन शुक्रवार आमचा खेळ झाला नाही. उत्तरायणाच्या आठवड्यात तो बंद असतो, दिवाळीतही असतो. पण या वेळी पाचही जण बडोद्यातच होते, तब्येती ठणठणीत होत्या, तरी ग्रुपवर कोणी "आज आहे ना?" असं विचारलं नाही. सहा वर्षांत हे पहिल्यांदाच झालं आणि मला ते फार लागलं.

दांडियाबाजारातल्या आमच्या वाड्याच्या माडीवर रात्री नऊला आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसतो: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची, आणि अवघड काम जमलं का ते फासा ठरवतो, आकडा मोठा तितकं बरं. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी. कॉलेजात जाणारा माझा भाचा पॅलाडिन, म्हणजे शपथेने बांधलेला धर्मयोद्धा आहे, नाव रणधीर. धाकटी जाऊ बँकेत आहे, तिची चोर चिमणी. शेजारचे काका एकाहत्तर वर्षांचे, ते कायम जादूगारच होतात. आणि माझा शाळेपासूनचा मित्र, ज्याचं जुन्या पादरा रोडवर टायरचं दुकान आहे, तो कुऱ्हाडवाला ड्वार्फ, म्हणजे बुटका.

त्याआधीच्या शुक्रवारी आमच्या पात्रांची टोळी, म्हणजे पार्टी, एका जळालेल्या तांड्यापाशी पोचली होती. मेलेल्या व्यापाऱ्याच्या बोटात अंगठी होती. जाऊ म्हणाली, "मी ती काढते आणि गालात ठेवते." गालात! किती बारकाईने विचार करते ती. भाच्याने फासा टाकला, रणधीरला दिसलं. तो तिला काही बोलला नाही. पुढच्या गावात शिरल्याबरोबर म्हणाला, "मी चिमणीला कोतवालाच्या ताब्यात देतो." चिमणीकडून अंगठी निघाली, तिला कोठडीत टाकलं. जावेने पेन्सिल कॅरेक्टर शीटवर आडवी ठेवली आणि "बरं" एवढंच म्हणाली. तिच्या ताटलीत सेव-उसळ अर्धी तशीच होती, शेव तर्रीत भिजून मऊ झालेली. साडेदहाच्या आत ती उठून खाली गेली. उद्या ब्रँच आहे म्हणाली.

भाचा मला जिन्यात म्हणाला, "मावशी, माझं काय चुकलं? लॉफुल गुड आहे मी. पॅलाडिनने असंच वागायचं असतं."

खेळात प्रत्येक पात्राची एक अलाइनमेंट लिहिलेली असते: लॉफुल म्हणजे नियम पाळणारा, केऑटिक म्हणजे न जुमानणारा, त्याला जोडून गुड किंवा ईव्हिल, आणि दोन्हींत मधला तो न्यूट्रल. नियमांच्या पुस्तकाच्या हिशेबाने त्याचं चुकलं नव्हतं, हे मला मान्य करावंच लागलं. आम्ही २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळतो. तिच्यात पॅलाडिन आपल्या शपथेला बांधलेला असतो, त्याने लॉफुल गुडच असावं अशी अट नाही. पण या मुलाने जुनी पुस्तकंही वाचली आहेत. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात स्पष्ट आहे: पॅलाडिनने गुड लोकांचीच सोबत करायची, न्यूट्रल मंडळींबरोबर गेलाच तर एका मोहिमेपुरतं. आणि त्याच पुस्तकात चोर न्यूट्रल किंवा ईव्हिल असतो, न्यूट्रल गुड क्वचितच. म्हणजे या दोघांनी वर्षानुवर्षं एकत्र हिंडणं त्या पुस्तकाला बहुधा मंजूरच नव्हतं.

मग मी आणखी मागे गेले. हा खेळ निघाला लढाईच्या खेळांतून, छोट्या सैनिकांच्या बाहुल्या मांडून खेळायच्या. १९७१ च्या 'चेनमेल'मध्ये कल्पित प्राणी लॉ, न्यूट्रल आणि केऑस अशा याद्यांत वाटलेले आहेत, कारण कोण कोणाच्या सैन्यात उभा राहील हे ठरवायचं होतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या पहिल्या खेळातही तेच तीन. गुड आणि ईव्हिल ही दुसरी रेघ गायगॅक्सने १९७६ मध्ये ओढली आणि १९७८ पर्यंत आजचे नऊ चौकोन तयार झाले. मला यातलं मोलाचं वाटलं ते हे की मुळात अलाइनमेंट म्हणजे बाजू होती. तू कोणाच्या बाजूचा? स्वभाव ती नंतर झाली. आणि स्वभाव झाल्यावर प्रत्येक जण आपापला चौकोन घेऊन टेबलावर यायला लागला, शेजारी कोण बसलंय ते न बघता.

काकांचं उदाहरण देते. मागच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे मागच्या लांबलचक गोष्टीत, त्यांचा जादूगार चक्क लॉफुल ईव्हिल होता. मनाने काळा, सत्तेचा भुकेला. पण दिलेला शब्द त्याने कधी मोडला नाही, लुटीचे वाटे दर वेळी समान केले, आणि दोन वर्षांत टेबलावर एकदाही भांडण झालं नाही. त्याला आम्ही सगळेच जीव लावून बसलो होतो. तेव्हा ईव्हिल कॅरेक्टर आलं की खेळ बिघडतो, हे मला पटत नाही. "माझं कॅरेक्टर असंच वागेल" हे वाक्य मात्र खेळ बिघडवतं. ते कॅरेक्टर आपणच तर लिहिलेलं असतं! त्याने काय करावं हे दर वेळी आपणच ठरवतो, आणि ठरवताना समोर माणसं बसलेली असतात.

जावेशी मी एका संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना बोलले. ती म्हणाली, "ताई, दिवसभर मी दुसऱ्यांचे पैसे मोजते. शेवटचा रुपया जुळल्याशिवाय उठत नाही. शुक्रवारी तीन तास मला हात सैल सोडायचा असतो. अंगठी मी सगळ्यांना दाखवणारच होते, पण त्याने विचारलंच नाही." भाचा म्हणाला, "कोणीतरी चूक म्हणायला हवं ना, मावशी. सगळे हसत होते." दोघांचंही ऐकून माझा जीव गलबलला. कोणीच खोटं बोलत नव्हतं.

वाट दाखवली ती टायरवाल्या मित्राने. सहा वर्षांपूर्वी मी अलाइनमेंट हा शब्द उच्चारला तेव्हा त्याला पहिल्यांदा गाडीच आठवली होती, आणि आजही आठवते. स्टेअरिंग एका बाजूला ओढतंय म्हणून माझी गाडी त्याच्याकडे नेली होती. पुढचा टायर बाहेरच्या कडेने घासून गुळगुळीत झाला होता, आतली नक्षी शाबूत. तिथे हात ठेवून तो म्हणाला, "हे बघ, नुसत्या या चाकाकडे बघून ते तिरकं आहे का सांगता येत नाही. समोरच्या चाकाच्या आणि गाडीच्या मानाने ते कसं उभं आहे, हे बघावं लागतं. टो म्हणतात त्याला. अर्धा डिग्री इकडचं तिकडे, की टायर खाल्लाच." मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. भाच्याला मी सहा वर्षांत हे कधी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी मी नवे कागद वाटले. अलाइनमेंटची ओळ खोडली होती आणि तिथे एकच प्रश्न लिहिला होता: या पार्टीतल्या कोणासाठी तुझं कॅरेक्टर आपलाच नियम मोडेल, आणि का? काकांनी दोन मिनिटांत लिहून दिलं. ड्वार्फने सगळ्यांची नावं घातली. भाचा मात्र पेनाचं टोपण चावत बराच वेळ बसला. मग कागद माझ्याकडे न देता त्याने तो माझ्या जावेसमोर सरकवला. त्यावर होतं: 'चिमणी. पुरात तिने मला दोराने ओढून काढलं होतं.'

जावेने वाचलं. काही बोलली नाही, पण त्याच्या ताटलीत कांदा वाढला.

मग खेळ कोठडीपाशी सुरू झाला. भाचा म्हणाला, "रणधीर पहारेकऱ्याला सांगतो की अंगठी त्यानेच चिमणीला सांभाळायला दिली होती." रणधीरच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खोटं. त्याने वीस बाजूंचा फासा टाकला आणि चार पडले. पहारेकऱ्याच्या कपाळावर आठी पडली, असं मी सांगते आहे तोच जाऊ पुढे सरसावली.

"त्याला बोलत राहू दे," ती म्हणाली, "मी आतून कुलूप उघडतेय."

तिचा फासा ताटलीला आपटून थांबला. सतरा.