पानाची उजवी बाजू

गोड काय करायचं यावरून आमच्या घरात कधी वाद झाल्याचं मला आठवत नाही. श्रीखंड नको तर बासुंदी, बासुंदी आटवायला वेळ नसेल तर गुलाबजाम. कुणी तोंड वाकडं करत नाही. पुऱ्या, मसालेभात, टोमॅटोचं सार यांचंही फोनवर दोन मिनिटांत ठरतं. भाऊबीजेचा बेत अडतो तो भाजीपाशी. खरं तर आठवडाभर चकल्या आणि चिवडा खाऊन सगळ्यांनाच भाजी हवी असते. फक्त कुठली, एवढंच मिटत नाही.

त्या दिवशी मुलुंडला आमच्याकडे दादा-वहिनी, धाकटा भाऊ आणि त्याचं कुटुंब, आई, गिरगावची मावशी आणि कॉलेजात जाणारी भाचरं अशी गर्दी असते. यंदा भाच्याने या प्रकरणात लोकशाही आणली. ग्रुपवर पोल टाकला : 'नको असलेली भाजी निवडा.' कल्पना चांगली, प्रश्न उलटा. रात्रीपर्यंत कारलं गेलं, दुधी गेला, पडवळ तर पहिल्या तासाभरातच गेलं. गवार, सुरण, वांगं, मुळा, लाल भोपळा यांनाही कुणी ना कुणी बाद केलं. आईने सगळ्याच भाज्यांवर बोट दाबलं, कारण तिला वाटलं 'हव्या' असं सांगायचंय. शेवटी मैदानात उरले बटाटा आणि पनीर. पनीरला भाजी म्हणायचं का, यावर मावशीने ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. तो इथे देण्यासारखा नाही.

पूर्वी असं काही व्हायचं नाही, कारण मत विचारायचीच पद्धत नव्हती. पानाची मांडणी ठरलेली. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. मध्ये वरणभाताची मूद. उजवीकडे भाज्या आणि उसळ. डाव्या बाजूला सगळं बोटभर, त्यामुळे तिथे कुणाचं अडत नाही. उजवीकडे मात्र डावभर पडतं. लहानपणी पंगतीत मी नावडती घोसाळ्याची भाजी आधी संपवून मोकळी व्हायचे, आणि पानात रिकामी जागा दिसली रे दिसली की वाढणाऱ्या काकू 'आवडलेली दिसतेय पोरीला' म्हणत आणखी एक डाव घालायच्या. पानात टाकायची सोय नव्हती. मग मी शिकले : नावडती भाजी शेवटपर्यंत तशीच राखायची, मठ्ठा आला की त्याच्याबरोबर ढकलायची.

आता टेबलावर भांडी मांडलेली असतात, ज्याचं तो वाढून घेतो. जबरदस्ती गेली हे बरंच झालं. पण त्यामुळे भाजीला सांभाळून घेणारंही कुणी उरलं नाही. तिने आपल्या हिमतीवर टिकायचं, आणि पडवळाची तेवढी हिंमत नाही.

वांग्याचं भांडण निराळं. ते चवीचं नसून पंचांगाचं आहे. दादाला भरली वांगी हवी असतात. मावशीकडे चातुर्मास पाळतात. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी आणि वांग्याचं भरीत खाऊन त्यांचा जो निरोप घ्यायचा, तो त्यांच्याकडे थेट चंपाषष्ठीपर्यंत. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं परत घरात येतं. काही घरांत कार्तिकी एकादशी उलटली तरी चालतं. पण भाऊबीज पडते कार्तिक शुद्ध द्वितीयेला, म्हणजे कुठलाही हिशेब धरा, वांग्याच्या आधीच. दादा दरवर्षी विचारतो, मावशी दरवर्षी तिथी सांगते. वांग्याच्या नशिबीच वाद असावा. बीटी वांग्यावर, म्हणजे जनुकं बदललेल्या वांग्यावर, वेगवेगळ्या शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. आमच्याकडे स्थगिती मावशी देते, सुनावणीशिवाय.

धाकटा भाऊ सुरणाला घाबरतो. त्याचंही काही चुकत नाही. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते हाताला आणि घशाला टोचतात. म्हणून तर चिरताना हाताला तेल आणि शिजवताना चिंच किंवा आमसूल. तिकडे काशीला दिवाळीत सुरण खायचाच अशी रीत आहे, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्याने मला काशीला जायचा सल्ला दिला. दादरला स्टेशनबाहेर बसणारी माझी नेहमीची भाजीवाली म्हणते, 'खाजला तर परत आणा ताई.' शिजवलेला सुरण परत कसा आणायचा, ते ती सांगत नाही. मी त्याचे पातळ काप करून, तिखट-मीठ-हळद लावून, रव्यात घोळवून तव्यावर खरपूस तळते. तसे काप केले की भाऊ सुरमई समजून दोन खातो आणि मग कशाचे होते ते विचारतो.

कडू चवीचं प्रकरण जरा खोलवर जातं. १९३१ साली अमेरिकेत ड्युपॉन्टच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून एक पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, किती कडू आहे हे! फॉक्सला मात्र काहीच लागेना. पुढे लक्षात आलं की ती चव लागणं किंवा न लागणं बरंचसं जन्मतःच ठरतं. कोबी, मुळा, मोहरी या कुळात त्या पुडीशी नातं सांगणारी द्रव्यं असतात. म्हणजे मुळ्याची कोशिंबीर दिसताच भाची टेबलावरून उठते, ती नाटकं नसतात. (असतीलही, पण आता सिद्ध करता येणार नाहीत.) कारल्याला मात्र ही सबब नाही. ते ज्यांना आवडतं त्यांनाही कडूच लागतं. मला स्वतःला कारल्याचे कुरकुरीत काप फार प्रिय आहेत, तरी भाऊबीजेला मीच त्यांना बाद करते. नरकचतुर्दशीला तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून जिभेला लावून झालेलं असतं. एका दिवाळीला तेवढं कडू पुरे.

राहिला बटाटा. त्याच्याशी माझं वैर नाही. हळद-हिंगाची फोडणी, कढीपत्ता, हिरवी मिरची, वरून लिंबू आणि कोथिंबीर. पुरीबरोबर दुसरं काही सुचूही नये. पण ज्या बेतात कुणालाच काही नकोसं नाही, तो मला हॉलवरच्या मुंजीचा बेत वाटतो. बटाट्याची भाजी, पनीरची भाजी, जिलबी, मठ्ठा. छानच असतं, पण कुणाच्या घरी जेवलो ते संध्याकाळपर्यंत विसरायला होतं. घरच्या जेवणात एक तरी भाजी अशी हवी की दोघं-तिघं मिटक्या मारत खातील आणि बाकीचे भांड्यावरचं झाकणही उचलणार नाहीत. ती करायची थोडीच, भांडं लहान घ्यायचं, म्हणजे तिचा अपमान होत नाही. गेल्या वर्षी सर्वांनी निवडून दिलेला बटाटाच उरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे टोस्ट झाले.

तर यंदा माझ्या अधिकारात मी पडवळ-दालिंब्या करणार आहे. पोलमध्ये सर्वात आधी बाद झालेली भाजी आणि तिच्या जोडीला वाल, म्हणजे विरोधकांना दुहेरी कारण. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कडवे वाल भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे. थंडीत मोडांसाठी ताटकळावं लागतं, पण आपल्या मुंबईच्या दिवाळीत थंडी कुठली? उकाड्यात मोड भराभर येतात, आणि जरा दुर्लक्ष झालं की तार सुटून वासही भराभर येतो. मग कोमट पाण्यात टाकून एकेक वाल चिमटीत धरून दाबायचा. साल बोटांत राहते आणि दालिंबी टुणकन परातीत उडते, नाहीतर समोरच्याच्या चष्म्यावर. पडवळ उभं चिरून आतला कापसासारखा गर आणि बिया खरवडून काढायच्या, मग अर्धगोल फोडी. फोडणीत आधी दालिंब्या परतून वाफ आणायची, त्या अर्ध्या शिजल्या की पडवळ, मग आमसूल, गूळ, ओलं खोबरं. दालिंब्यांना डावाने ढवळायचं नाही, फडक्याने भांडं धरून हलवायचं, कारण मोडलेल्या दालिंबीला मावशी 'वरण' म्हणते. शेवटी किंचित कडवटपणा उरतो. तो गुळाने मारायचा मोह होतो, पण मारायचा नाही. त्यासाठीच तर खायच्या.

सोलायचं काम मात्र एकटीचं नाही. वालाचा ढीग पाहिला की नवऱ्याला अचानक कंदील नीट लावायचा असतो. म्हणून काल ग्रुपवर टाकून दिलं : 'बेत पक्का. पुरी, बटाट्याची भाजी, पडवळ-दालिंब्या, सुरणाचे काप, काकडीची कोशिंबीर, मसालेभात, सार, बासुंदी. पनीर ज्याला हवं त्याने आणावं. दालिंब्या खायच्या असतील त्यांनी सकाळी नऊला सोलायला हजर राहावं.'

वहिनीचा लगेच फोन, 'ताई, मी पडवळ चिरून आणू का? तुमचा तेवढाच वेळ वाचेल.' आईने अंगठा पाठवला, तो नेमका कशाला ते तिलाच ठाऊक. भाचरं गप्प. दादाने मात्र ताबडतोब कळवलं, 'नऊला येतो.' त्याला दालिंब्या फारशा आवडत नाहीत. मावशी आदल्या रात्रीच आमच्याकडे राहायला येते, आणि वाल सोलताना तिला उठून जाता येत नाही. त्याला पुन्हा वांग्याचा विषय काढायचा असणार.