वाघोलीचं निळं सोनं: कॅव्हन्साइट ओळखायचं कसं

पुण्याहून नगर रस्त्याने निघालं की खराडी मागे पडते आणि खडी भरलेल्या डंपरची रांग लागते. वाघोलीच्या दगडखाणी इथल्याच. मालकाची परवानगी आणि सुरुंगाच्या वेळा विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. सुरुंगानंतर कड्यातले दगड बराच वेळ सुटत राहतात, तेव्हा हेल्मेट हवंच.

अखंड काळ्या कातळात नजर शिणवण्यात अर्थ नाही. लाव्हाच्या थरांमधला तुकड्यातुकड्यांचा भाग, म्हणजे ब्रेशिया, शोधायचा. त्यातल्या पोकळ्यांत मलईच्या रंगाचं स्टिल्बाइट आणि गुलाबी झाक असलेलं ह्यूलँडाइट ही खनिजं दिसतात, आणि नशीब असेल तर त्यांवर बसलेला कॅव्हन्साइटचा गर्द निळा गोळा. दहापट भिंगातून पाहिलं की तो एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या सुयांचा गुच्छ निघतो. इतका शुद्ध निळा मी दख्खनच्या दुसऱ्या कुठल्याच खनिजात पाहिलेला नाही.

कॅव्हन्साइट हे कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचं पाणीयुक्त सिलिकेट. निळाई व्हॅनेडियममुळे येते. काठिन्य मोस मापावर ३ ते ४, विशिष्ट गुरुत्व (म्हणजे पाण्याच्या किती पट जड) साधारण २.२ ते २.३, चकाकी काचेसारखी. झिओलाइटांच्या, म्हणजे स्टिल्बाइट-ह्यूलँडाइटच्या गटातल्या खनिजांच्या, सोबतीने सापडत असलं तरी ते स्वतः झिओलाइट नाही. पहिला शोध अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये लागला, पण जगभरच्या संग्रहांतले देखणे नमुने बहुतेक वाघोलीचे.

ॲझुराइट या तांब्याच्या निळ्या खनिजाशी गल्लत झाली तर नमुना हातात घ्या. ॲझुराइटचं विशिष्ट गुरुत्व ३.७ च्या वर, त्यामुळे सुटा तुकडा आकाराच्या मानाने जड लागतो. खरी अडचण पेंटागोनाइट या जुळ्यासारख्या खनिजाची. रासायनिक सूत्र तेच, रचना वेगळी, रंगही जवळपास तोच. त्याच्या सुया जाडसर, सुट्या आणि टोकदार असतात. जुळे स्फटिक टोकाकडून पाहिले तर पाच पाकळ्यांची चांदणी दिसते. चांदणी दिसली नाही, तर निर्णय प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण विवर्तन किंवा रामन चाचणीवर सोडावा.

विकत घेताना सर्वात जास्त फसवणूक डिंकाची. गोळा अगदी छोट्या बुडावर उभा असतो, त्यामुळे वाहतुकीतच निखळतो, आणि मग कुणीतरी तो दुसऱ्याच स्टिल्बाइटवर चिकटवतो. म्हणून भिंग गोळ्याच्या बुडाशी लावा. अस्सल नमुन्यात सुया शेजारच्या स्फटिकांत गुंतलेल्या असतात. डिंक असेल तर तिथे चकचकीत कडा किंवा बारीक बुडबुडे दिसतात. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली बरेच डिंक पांढरट निळे चमकतात. सगळेच नाही, म्हणून फक्त टॉर्चवर विसंबू नका. कापसाच्या गोळ्यांसारखं दिसणारं ओकेनाइट हे पांढरं खनिज निळं रंगवूनही विकतात. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस कडेला टेकवा, निळा उतरला तर रंग दिलेला.

ओरखडा काढून काठिन्य तपासू नका, नमुना कायमचा जातो. आम्लानेही धुऊ नका, कारण खाली कॅल्साइट हे खनिज असेल तर ते विरघळतं आणि गोळ्याचा आधारच सुटतो. साध्या पाण्याची हलकी धार आणि सावलीत वाळवणं पुरे. डबीत ठेवताना कापूस नको, त्याचे तंतू सुयांत अडकतात आणि काढताना सुया मोडतात. दगडाचा तळ डबीला पुटीने घट्ट बसवा आणि गोळ्याला चारही बाजूंनी मोकळी हवा ठेवा.