पाडो, पाडी आणि नर कुर्ली

गुरांच्या खरेदीविक्रीत सगळ्यात जास्त घोळ ‘पाडा’ या शब्दाने होतो. सिंधुदुर्गात पाडो म्हणजे गायीचा गोऱ्हा आणि पाडी म्हणजे कालवड. गुजरातीत मात्र पाडो म्हणजे चक्क रेडा. हिंदीत पाडा म्हणजे म्हशीचं नर पिल्लू, मादी असेल तर पडिया. गुजराती किंवा हिंदी बोलणाऱ्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलताना जनावर गायीचं की म्हशीचं हे आधी विचारावं. वय नि दात त्यानंतर.

दुसरा घोळ बैलाचा. इंग्रजी ‘बुल’साठी सर्रास ‘बैल’ लिहितात, ते चूक आहे. बुल म्हणजे वळू. खच्ची केला की तो बैल, इंग्रजीत ऑक्स किंवा बुलॉक. हिंदीत सांड आणि बैल, पोर्तुगीजमध्ये तोरु आणि बोई. नांगराला जुंपायचा आणि गाय फळवायचा प्राणी वेगळा, म्हणून या सगळ्या भाषांनी दोन नावं ठेवली. कृत्रिम रेतनाच्या पत्रकात ‘बैलाचे वीर्य’ छापलं तर शेतकरी ते पत्रक बाजूला ठेवणारच. बोकडाला मात्र मराठीत ‘खच्ची’ जोडावं लागतं. इंग्रजीत त्याला वेदर हा स्वतंत्र शब्द आहे.

कारवारच्या पुढे कानडीत कोंबडा हुंज, कोंबडी हेंटे. रेड्याला ‘कोण’, म्हशीला ‘एम्मे’ म्हणतात. नावं अशी अगदी वेगळी, पण क्रियापद नर-मादी पाहत नाही. जनावर कुठलंही असो, आलं की ‘बंतु’. आपल्याकडे मालवणीत कोंबडो इलो, कोंबडी इली. कानडीतून मराठीत लिहिताना लिंग क्रियापदावरून शोधू नये, नावावरूनच घ्यावं.

पाण्यात उतरलं की मराठीची ही बारकाई संपते. खेकड्याला दक्षिण कोकणात कुर्ली, रायगडात चिंबोरी, दोन्ही स्त्रीलिंगी, म्हणून नरालाही ‘नर कुर्ली’च म्हणायचं. ओळखायची तर उलटी करून पोटावरची घडी बघा. अरुंद, टोकदार असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर वाढलेली मादी. कोवळ्या मादीची घडी त्रिकोणी असते, तिथेच फसायला होतं. अमेरिकेतल्या चेसापीक खाडीत निळ्या खेकड्याच्या नराला जिमी, पूर्ण वाढलेल्या मादीला सूक आणि कोवळ्या मादीला सॅली म्हणतात. आपल्या खाड्यांवरही असे तीन शब्द असते तर अंडीवाली मादी बाजूला काढून सोडणं किती सोपं झालं असतं!

माशांच्या नावाचं लिंग तर निव्वळ व्याकरणापुरतं. बांगडा पुल्लिंगी, तरी त्यात गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, सापडते. सुरमई स्त्रीलिंगी, तरी नर असू शकते. जिताड्याचं तर आणखी वेगळं. तो आधी नर असतो, आणि मोठा झाल्यावर त्याचीच मादी होते. म्हणून मोठाले जिताडे बहुतेक माद्या असतात, नाव पुल्लिंगी असलं तरी.