माऊस सोडला तरी मूठ सुटत नाही

वाचता वाचता एक करून बघा. दात एकमेकांवर दाबलेले आहेत का? खांदे कानांकडे थोडे चढलेत का? अंगठा फोनच्या कडेवर गरजेपेक्षा जास्त रुतलाय का? वाचायला यातलं काहीच लागत नाही. तरीही ही पकड असेल, तर तुमच्या हातदुखीचा बराचसा उलगडा इथेच होतो.

हात दुखायला लागला की पहिला संशय टायपिंगवर जातो. किती तास, किती ओळी, किती क्लिक. ते मोजावंच. पण तेवढंच काम निवांत आठवड्यात निभावून जातं आणि डेडलाइनच्या आठवड्यात हात भरून येतात, मनगट ठणकतं, हे पुष्कळांनी अनुभवलेलं असतं. माझ्या मते हाताला सगळ्यात महाग पडते ती न सुटणारी पकड. ताणाखाली आपण काम जास्त करतोच, पण त्याहून वाईट म्हणजे दोन हालचालींच्या मधला सैलपणा हरवतो.

ही गोष्ट कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. इटलीतले वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७१३ मध्ये लेखनिकांच्या दुखण्यांबद्दल लिहिताना तीन कारणं सांगितली होती: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. आज आपण खुर्ची बदलतो, कीबोर्ड बदलतो आणि तिसरं कारण तसंच ठेवतो.

स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. हलक्या कामाला छोटे, कमी ताकदीचे तंतू आधी जुंपले जातात आणि स्नायू पूर्ण सैल झाला तरच त्यांना सुट्टी मिळते. पकड हलकी पण अखंड असेल, तर तेच ते तंतू तासन्‌तास राबतात आणि बाकीचे बसून असतात. शास्त्रज्ञांनी या कल्पनेला ‘सिंड्रेला’ हे नाव दिलं, कारण परीकथेतल्या त्या मुलीसारखे हे तंतू सगळ्यांच्या आधी उठतात आणि सगळ्यांच्या शेवटी झोपतात. आता यात ताण मिसळा. हात मांडीवर ठेवून नुसती अवघड आकडेमोड करायला लावली, तरी मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू आखडतो, हे प्रयोगांमध्ये मोजलं गेलंय. घाईत माऊसही जास्त घट्ट धरला जातो. एक कळ दाबायला साधारण ५० ते ७० ग्रॅम इतका जोर पुरतो. घाईत आपण त्याच्या कित्येक पट जोर लावतो आणि कळ तळाला आपटल्यावरही दाबत राहतो.

ताण श्वासातूनही हातापर्यंत येतो. धास्तीत श्वास उथळ आणि भरभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि दोन्ही हातांच्या बोटांत, ओठांभोवती मुंग्या येतात. हे नस दबल्याचं लक्षण नाही. श्वास संथ झाला की मुंग्या ओसरतात. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय मात्र करू नका. त्रास मुळात हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर तो धोक्याचा ठरतो. चार आकडे मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं करा. मिनिटाला सहा श्वास होतात आणि तेवढे पुरतात.

आता नेमकं कुठे दुखतंय ते ओळखायला हवं. ‘हात दुखतो’ एवढ्यावर केलेले उपाय बहुधा चुकीच्या जागी होतात.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर होते, रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं आणि करंगळी मात्र ठीक असते: संशय कार्पल टनेलचा. मनगटातल्या त्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि एक नस जाते. मनगट वर किंवा खाली मुडपलं की आत दाब वाढतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होत असेल तर मनगटाला दोष देऊ नका. ती नस कोपरामागून येते. कोपर घट्ट दुमडून फोन कानाला लावणं, टेबलाच्या कडेवर कोपर टेकवणं, कोपर दुमडून झोपणं यांनी ती चिडते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल तर एका हाताने फोन धरून त्याच अंगठ्याने स्क्रोल करणं आधी थांबवा. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखतं आणि तळवा खाली ठेवून कप उचलताना चमक येते, तेव्हा माऊसवरचा हात बघा. बऱ्याच जणांची तर्जनी बटणावर टेकलेली नसते, एखादा मिलिमीटर वर तरंगत असते, चुकून क्लिक होऊ नये म्हणून. तेवढं बोट उचलून धरायला कोपरापासून निघणारे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. बोट बटणावर अलगद टेकवून ठेवा. या एका सवयीबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून मुद्दाम सांगते. आणि मान वळवली की हातातली कळ बदलत असेल, तर मूळ मानेत असू शकतं.

टेबलाबद्दल थोडक्यात. कोपरं अंगालगत, साधारण काटकोनात किंवा किंचित उघडी. कीबोर्ड कोपराच्या उंचीवर, मागचे पाय मिटलेले, कारण ते उघडले की मनगट वर मुडपतं. अंकांचा भाग असलेला लांब कीबोर्ड माऊसला दूर ढकलतो आणि खांदा दिवसभर बाहेर ताणलेला राहतो. अंक फारसे लागत नसतील तर आखूड कीबोर्ड घ्या किंवा माऊस डाव्या हाताला द्या. डाव्या हाताची सवय व्हायला काही दिवस जातात, म्हणून घाईच्या आठवड्यात ती सुरू करू नका. मनगटाखालची उशी टायपिंग थांबल्यावर तळहात टेकवण्यासाठी असते. टाइप करताना मनगट तिच्यावर दाबलं तर दाब थेट त्या बोगद्यावर येतो. लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड आणि माऊस जोडल्याशिवाय मान आणि मनगट दोन्ही एकाच वेळी नीट बसणं शक्यच नाही.

आता मुख्य काम, म्हणजे सुटका. दर वीस-तीस मिनिटांनी तीस सेकंद एवढंच मागणं आहे. हात कीबोर्डवरून पूर्ण उचला आणि मांडीवर, तळवे वर करून टाका. खांदे एकदा वर उचलून श्वास सोडताना पाडा. दात सुटे करा, जीभ टाळूवरून खाली येऊ द्या. बोटं आपसूक थोडी वळलेली राहतील, ती सरळ करू नका. तीच त्यांची विश्रांतीची जागा आहे. दोन संथ श्वास, झालं.

यासाठी घड्याळाचे अलार्म लावले जातात आणि आठवड्याभरात ते न बघता बंद करण्याची सवय लागते. ताण असतो तेव्हा तर हमखास. त्यापेक्षा कामातल्याच घटनांना सुटका बांधा: मेल पाठवलं की हात मांडीवर, फाइल उघडतेय तोवर हात मांडीवर, मीटिंगमध्ये दुसरा बोलतोय तोवर माऊस सोडलेला. मधल्या वेळेत फोन हातात घेतला तर ती विश्रांती धरू नका, स्नायूंसाठी ते कामच आहे.

संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं काढता आली तर जेकबसन यांची स्नायू सैल करण्याची पद्धत वापरा. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. एकेक स्नायूगट पाच ते सात सेकंद आवळायचा आणि मग वीस-तीस सेकंद सोडून द्यायचा: पाय, पोट, खांदे, चेहरा, शेवटी हात. दुखऱ्या हाताची मूठ पूर्ण ताकदीने आवळणं ही इथली नेहमीची चूक. हाताला पाव ताकद पुरे. आवळणं हे निमित्त आहे; आवळलेलं आणि सुटलेलं यातला फरक हाताला ओळखू यायला हवा, म्हणजे दुपारी कामाच्या मध्येच तो लक्षात येतो.

व्यायामात कंडरा सरकवण्याचा क्रम सोपा आहे. बोटं सरळ, मग फक्त वरचे दोन सांधे वाकवून हुकासारखा आकार, मग पूर्ण मूठ, मग बोटं सरळ ठेवून मुळापाशी काटकोन, जणू टेबल, मग बोटांची टोकं तळहाताच्या बुडाशी टेकवलेली चपटी मूठ. प्रत्येक स्थितीत दोन-तीन सेकंद, पाच फेऱ्या, दिवसातून दोन-तीनदा. मुंग्या वाढल्या तर थांबा. नस ताणण्याचे जोरकस व्यायाम व्हिडिओ बघून करू नका. दबलेली नस ओढली की आणखी चिडते.

कोपराच्या बाहेरच्या दुखण्याला मात्र हळूहळू वाढवलेला भार लागतो. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर, हातात पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्या, मग मदत सोडून तीन-चार सेकंदांत खाली आणा. दहा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. वेदनेला दहापैकी गुण दिले तर तीनपर्यंत दुखलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखत असेल तर बाटली अर्धी रिकामी करा. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि पुष्कळ लोक त्याआधीच ‘उपयोग नाही’ म्हणून सोडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पूर्ण विश्रांतीचाही भरवसा धरू नका. दुखणं उसळलं की दोन-तीन दिवस भार अर्धा करा, दहा-पंधरा मिनिटं शेक द्या, पण हात हलता ठेवा. आठवडेच्या आठवडे पट्टा बांधून ठेवलेला हात अशक्त होतो आणि मग थोड्याशा कामानेही दुखतो. कार्पल टनेलचा स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणारा आधारपट्टा, रात्रीसाठी, साधारण सहा आठवडे. तयार स्प्लिंटमधली धातूची पट्टी पुष्कळदा मनगट मागे वाकवणारी असते. ती काढून सरळ करून घ्या. झोपेचं महत्त्व इथे दुहेरी आहे: अपुऱ्या झोपेने वेदना जास्त जाणवते, आणि वेदनेने झोप मोडते.

हे सगळं करूनही कामच श्वास घेऊ देत नसेल तर? कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट अजूनही लागू पडते: कामाचा बोजा जास्त आणि ते कसं, कधी करायचं हे ठरवण्याची मोकळीक कमी, हे मिश्रण सर्वात जास्त ताण देतं. बोजा कमी करून मागणं अवघड असतं. क्रम ठरवण्याची मोकळीक मागणं त्या मानाने सोपं. “मला खूप ताण आहे” म्हटलं की वरिष्ठ सहानुभूती दाखवतात आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी असं विचारा: “सर, आज माझ्याकडे तीन कामं आहेत. संध्याकाळपर्यंत दोन नीट होतील. तिसरं उद्या दुपारी दिलं तर चालेल, की यातलं कुठलं मागे ठेवू?” निर्णय त्यांचा, पण अशक्य यादी तुमच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही. दुखण्याबद्दल बोलायचं असेल तर मागणी मोजता येईल अशी ठेवा: वेगळा माऊस, लांब टायपिंगचं काम दोन भागांत, सलग मीटिंगांमध्ये दहा मिनिटांची फट. सूचनांचे आवाज बंद करून मेल ठरावीक वेळांना बघणं हे तर बऱ्याचदा कुणाला न विचारताही करता येतं.

काही गोष्टींत ताणाकडे बोट दाखवून थांबू नका. बधिरपणा कायम राहतोय, हातातून वस्तू निसटतात, अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसलाय, सांधा लाल होऊन सुजलाय, सकाळी बोटं तासाभरापेक्षा जास्त आखडलेली राहतात, किंवा हातांबरोबर चालही डळमळते: डॉक्टरांकडे जा. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही हाताच्या नसा दबतात. आणि छातीत दाब, घाम, धाप यांच्यासोबत हात दुखत असेल तर थेट आपत्कालीन मदत मागवा.

तातडी नसेल तर डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवसांची नोंद करा. रोज चार रकाने: कोणती बोटं, किती वाजता, त्या वेळी काय चाललं होतं, दहापैकी किती दुखलं. पाचवा रकाना जोडा: त्या क्षणी दात आवळलेले होते का, हो किंवा नाही. डॉक्टरांना पहिले चार उपयोगी पडतील. पाचवा तुमच्यासाठी आहे.