खंड्या ओळखताना होणाऱ्या चुका

केळीच्या बागेशेजारच्या तारेवर बसलेला, तपकिरी डोक्याचा, लाल चोचीचा निळा पक्षी म्हणजे पांढऱ्या छातीचा खंड्या. याला मासे लागतातच असं नाही. नाकतोडे, सरडे, बेडूक, प्रसंगी उंदराचं पिल्लूही चालतं. म्हणून तो पाण्यापासून लांबही दिसतो आणि 'हा खंड्या नसेल' असा घोळ होतो.

पाटचारीवरून सुळकन निघून जाणारा निळा ठिपका म्हणजे छोटा खंड्या, जेमतेम चिमणीपेक्षा मोठा. दिसण्याआधी त्याची बारीक, तीक्ष्ण शीळ ऐकू येते. दुर्बिणीतून खालची चोच पाहा: तांबूस असेल तर मादी, पूर्ण काळी असेल तर नर.

तिसरा कवड्या, काळा-पांढरा. हतनूरच्या जलाशयासारख्या मोकळ्या पाण्यावर हा एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली रोखतो आणि दगडासारखा कोसळतो. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीच्या एकच, तोही बहुधा मधे तुटलेला.

तिघंही मातीच्या उभ्या काठात आडवं बीळ कोरतात. तोंडाखाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ असले की बीळ वापरात आहे समजा. तिथून मागे सरका, कारण फोटोसाठी माणूस समोर उभा असेपर्यंत चोचीत मासा धरलेला पक्षी आत शिरत नाही आणि पिल्लं उपाशी राहतात. तापी-गिरणेचे काठ वाळू-मातीसाठी कापले जातात तेव्हा अशी बिळं पिल्लांसकट जातात. फोटोवाल्यांपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठं.