51 व्या दिवशी कळी!

आज सकाळी पाणी घालताना दिसली. एंडलेस समर या हायड्रेंजियाच्या बुंध्यातून यंदाच वर आलेल्या धुमाऱ्याच्या शेंड्यावर, दोन कोवळ्या पानांच्या बेचक्यात, मोहरीपेक्षा बारीक हिरव्या दाण्यांचा घट्ट गठ्ठा. पानं हलकेच बाजूला करून भिंगातून पाहिलं. पानाचा डोळा नाही, कळीच आहे. पहिल्या बहराचे गुच्छ कापले त्याला आज 51 दिवस झाले.

जुन्या फांदीवरचा बहर तर साधं मॅक्रोफायलाही (मोठ्या पानांचं नेहमीचं हायड्रेंजिया) देतं. आपण रीब्लूमर, म्हणजे एकाच मोसमात पुन्हा फुलणारं वाण, लावतो ते नव्या फुटव्यावरच्या या कळीसाठी. 1998 मध्ये मिनेसोटातल्या नर्सरीत हे एंडलेस समर उद्यानतज्ज्ञ मायकेल डिर यांच्या नजरेत भरलं तेही त्यासाठीच: जिथे हिवाळ्यात जुन्या फांद्या मरतात, तिथेही ते नव्या वाढीवर फुलत होतं. आणि माझ्याकडे सलग दोन मोसम दुसरा बहर शून्य! मागच्या नोंदीत मी ऊन कमी पडत असल्याचं म्हटलं होतं. ते चूक निघालं. कुंडी हलवून सकाळचं ऊन दोन तासांनी वाढवलं, तरी पानंच येत राहिली.

खरी गोम पाण्यात होती. आमचं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे. महिनोन्‌महिने तेच घालून मातीचा सामू (pH) 7.4 वर गेला होता आणि मला पत्ताच नव्हता, कारण मातीत खुपसायचा दोन काट्यांचा मीटर इमानेइतबारे 6 दाखवत होता. तो मीटर कुणी घेऊ नका. थेंब टाकून रंग जुळवायचं किट आणलं तेव्हा डोळे उघडले.

त्या सामूला लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही, म्हणून पानं पिवळी पडत होती. मी ती नत्राची भूक समजलो आणि दर पंधरवड्याला नत्राचं खत ओतत राहिलो. झाड कमरेएवढं झालं, पानं हातभर, शेंड्याला कळीचा मागमूस नाही. नीट पाहिलं असतं तर फरक समोर होता: नत्र कमी पडलं की आधी खालची जुनी पानं पूर्ण पिवळी होतात, माझ्याकडे वरची कोवळी पानं पिवळी होती आणि शिरा मात्र हिरव्यागार. दोन मोसम या एका चुकीत गेले, याचं फार वाईट वाटतं.

मग नत्र पूर्ण बंद केलं. पावसाचं साठवलेलं पाणी, चिलेटेड लोह (मुळांना सहज उचलता येतं असं) दोनदा, आणि वरच्या मातीत थोडं गंधक. गंधक सावकाश काम करतं, आठवड्यात निकाल मागू नका. सामू आता 6.1 आहे. नव्या पानांचा रंग तर इतका सुरेख आलाय की येता-जाता हात फिरवावासा वाटतो.

गुच्छ यंदा वेळेवर, खालच्या पहिल्या जोमदार पानजोडीच्या वर कापले. शेजारून पातं सरकणाऱ्या सिकेटरनंच (छाटणीच्या कात्रीनं) कापा. पाट्यावर दाबून कापणाऱ्यानं खोड चेचतं.

या आठवड्यात कुंडी बदलणार होतो. आता कळी उमलेपर्यंत मुळांना हात लावणार नाही. तुरटीही बहर संपल्यावर देणार होतो, पण हे लिहिताना लक्षात आलं की फुलांना निळा रंग हवा असेल तर तुरटीतलं ॲल्युमिनियम फूल घडतानाच झाडात पोचायला हवं. उमललेल्या गुच्छावर त्याचा उपयोग नाही. म्हणून उद्याच, माती आधी भिजवून, लिटरला 3 ग्रॅम. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खतही थांबवतो, ते ॲल्युमिनियमला बांधून ठेवतं.

आणि ते दुसरं झाड, जे एका नर्सरीनं चिठ्ठीशिवाय 'रीब्लूमर' म्हणून दिलं होतं? त्याच्यावर मी फुली मारली होती. पण त्यालाही तेच पाणी आणि तेच नत्र मिळत होतं, मग त्याची परीक्षा झालीच कुठे! त्याचाही सामू आत्ताच तपासला: 7.2. त्याच्या तीन धुमाऱ्यांना लाल दोरा बांधून आलोय. आजपासून त्यालाही पावसाचंच पाणी.